‘निकालाआधी घ्या, दुसऱ्या दिवशी विका’: हे गणित बसत नाही

सोयाबीनची पट्टी हातात आली की आमच्या लातूर-उदगीरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी दहा हजारांचे शेअर घ्या, दुसऱ्या दिवशी विका. नफा वाढला की भाव वाढतोच, स्टॉप लॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की शेअर आपोआप विकायची आगाऊ सूचना) लावला की तोटा दोन टक्क्यांवर थांबतो, दहातले आठ सौदे जिंकतातच. माझ्या भाच्याने हे खरं मानलं, म्हणून लिहितोय.

नफा वाढला की भाव वाढतो? एचडीएफसी बँकेने 16 जानेवारी 2024 ला तिमाही नफा 33 टक्के वाढल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी शेअर आठ टक्क्यांहून जास्त पडला. मोंढ्यात वावरणाऱ्याला हे नवं नाही. आवक वाढणार अशी कुणकुण लागली की गाड्या यायच्या आधीच भाव उतरतो. शेअरचंही तसंच, चांगल्या निकालाची आशा भावात आधीच धरलेली असते.

स्टॉप लॉसची थाप सगळ्यात घातक. निकाल अनेकदा साडेतीननंतर येतो, तेव्हा बाजार बंद असतो. इन्फोसिसचा निकाल 13 एप्रिल 2023 च्या संध्याकाळी आला. 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी शेअर उघडला तोच सुमारे दहा टक्के खाली. दोन टक्के खालच्या भावाला घेणारा कुणी नव्हताच. भाच्याचंही असंच झालं, कंपनी दुसरी. सव्वानऊला मोबाइल धरून तो ओट्यावर बसला होता, हातातला चहा तसाच थंड झाला.

आणि दहातले आठ जिंकले असं धरून चालू. आठ वेळा दोन टक्के म्हणजे 1,600 रुपये आले. दोनदा दहा टक्के म्हणजे 2,000 गेले. खर्च वेगळाच: घेताना-विकताना 0.1 टक्का एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), विकताना डीपी चार्ज (डिमॅट खात्यातून शेअर काढण्याचं शुल्क), शिवाय ब्रोकरेज, म्हणजे दलाली. डीपी चार्ज रक्कम बघत नाही, त्यामुळे छोट्या सौद्याला तो जास्त बोचतो.

रक्कम छोटी ठेवा, एवढं मात्र मेसेजात बरोबर आहे. भाच्याचे दहा हजारच गुंतले होते, म्हणून हरभऱ्याचं बियाणं तरी वेळेवर आलं.