गाडी माझी, उंची गतिरोधकांची

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणारा माणूस तिच्यात फेरफार करतो ते ती अधिक जोरात पळावी, वळणावर घट्ट बसावी किंवा निदान ब्रेक दाबल्यावर वेळेत थांबावी म्हणून, असा एक सर्वसाधारण समज आहे. पुणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या नशिबी हे सुख नाही. माझ्या ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये गेल्या काही वर्षांत जे जे बदल झाले, त्यांतला जवळजवळ प्रत्येक बदल गतिरोधकांनी ठरवला आहे. मी फक्त गॅरेजची बिले भरली आहेत.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्पिटफायर १९६२ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत तयार होऊ लागली. तिची चासी, म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, ही ट्रायम्फ हेराल्डचीच चासी, आखूड केलेली. तीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने बनत होती, आणि एके काळी आपल्याकडच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात ती हमखास दिसायची. म्हणूनच पुढच्या सस्पेन्शनचे काही सुटे भाग आजही जुन्या बाजारात चिकाटीने शोधले तर मिळतात, आणि म्हणूनच ही गाडी सांभाळणे निव्वळ वेडेपणा ठरत नाही. माझी मार्क टू, म्हणजे दुसरी आवृत्ती, आहे. इंजिन ११४७ सीसीचे, कार्ब्युरेटर दोन, पुढे डिस्क ब्रेक, बसायला दोन माणसे आणि डोक्यावर उघडे आकाश. जमिनीपासूनची उंची कंपनीने दिलेली, पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर.

आता लगेच कोणीतरी म्हणेल की एवढी खुजी गाडी आपल्या रस्त्यांवर आणायचीच कशाला. हा प्रश्न मला पेट्रोल पंपापासून लग्नकार्यापर्यंत सर्वत्र विचारला जातो आणि प्रत्येक वेळी तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण काहीतरी बिनतोड बोललो असा भाव असतो. म्हणून त्याचे उत्तर एकदा नीट, आकडे मांडून देतो. गतिरोधक कसा असावा याचे मानक या देशात आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली ते प्रसिद्ध केले, त्याचा क्रमांक ९९, आणि २०१८ मध्ये ते सुधारले. १९८८ च्या त्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, रस्त्याच्या लांबीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे वाहन ताशी २५ किलोमीटर वेगाने विनासायास त्यावरून जाते. माझ्या गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २.११ मीटर आहे. अशा गतिरोधकावर ती बरोबर मधोमध आली, तर चारही चाके त्याच्या उतारावरच असतात आणि चाकांच्या पातळीपासून वर आलेला उंचवटा जेमतेम सव्वातीन सेंटिमीटर भरतो. पोटाखाली नऊ सेंटिमीटर मोकळे राहतात. दहावीच्या भूमितीत बसणारे हे गणित आहे. साठ वर्षांपूर्वीची ही ‘खुजी’ गाडी दोन माणसे बसवून देशातल्या अशा प्रत्येक नियमबद्ध गतिरोधकावरून कुठेही न घासता जाऊ शकते. तेव्हा खोट गाडीत आहे हा मुद्दा इथेच संपला.

रस्त्यावर प्रत्यक्षात जे असते ते असे. रुंदी दोन-अडीच फूट, उंची सहा-सात इंच, दोन्ही बाजू उभ्या कापल्यासारख्या. रस्त्याचे काम संपताना उरलेले डांबर आणि खडी मजुरांनी फावड्याने ओढून ढीग केला, त्यावरून एकदा रोलर फिरवला की तो गतिरोधक झाला. रोलर निघून गेला असेल तर तेवढेही नाही. १९८८ चेच मानक सांगत होते की काळे-पांढरे पट्टे रंगवा आणि ४० मीटर आधी सूचनाफलक लावा. रंग मारलाच, तर तो पहिल्या पावसाळ्याच्या आत उडतो, आणि फलकाच्या खांबावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स लटकलेला असतो. यात आणखी एक जात आहे, ती शेताला पाणी नेण्यासाठी रस्ता आडवा खणून पाइप टाकल्यावर जन्माला येते. वर काँक्रीटचा वरवंटा ओततात आणि तो तसाच वाळू देतात. त्याला गतिरोधक म्हणण्याची औपचारिकताही कोणी पाळत नाही, पण गाडीचे पोट फाडण्यात तो कोणाला हार जात नाही.

सर्वांत नीच प्रकार तो पिवळ्या-काळ्या रबरी तुकड्यांचा. हे तुकडे लांब बोल्ट ठोकून रस्त्यात बसवतात. सहा महिन्यांत ट्रकांच्या चाकांखाली त्यांतले दोन-चार निखळून जातात आणि बोल्ट तेवढे जागेवर राहतात, घासून चकचकीत झालेले, टोकदार. मग रस्त्यावर अर्धा गतिरोधक आणि अर्धे खिळे असा देखावा उभा राहतो. दुचाकीवाले अर्थातच रिकाम्या जागेतून, म्हणजे नेमके बोल्टांवरून जातात. टायर फुटला की पुढच्या पंक्चरवाल्याचा धंदा होतो. त्याचा यात काही हात आहे असे मी म्हणणार नाही, मनात मात्र येऊन जाते.

आता माझ्या ‘मॉडिफिकेशन’ची हकीकत. इंजिनाच्या चेंबरखाली पोलादी पत्रा लावला, कारण चेंबर फुटला तर तेल रस्त्यावर आणि इंजिन भंगारात. त्या पत्र्याचे वजन गाडीच्या नाकावर आले, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगांखाली जाड चकत्या घालाव्या लागल्या. सायलेन्सर दोनदा उखडल्यावर चपटा करून चासीत वर कोंबला; तेव्हापासून गाडीचा सूर बिघडला तो बिघडलाच, आणि ज्याने कधी या गाडीचा मूळ आवाज ऐकला आहे त्यालाच ते दुःख कळेल. मग मागची बाजू घासू लागली. मागे या गाडीला एकच आडवा पाटा, म्हणजे पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, असतो. तो पाटेवाल्याकडे नेऊन त्यात एक जादा पान घातले आणि कमान वाढवून घेतली. पाटेवाला अनुभवी माणूस. काम झाल्यावर गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, “साहेब, यापेक्षा जीपच घ्यायची होती ना.” मला उत्तर सुचले नाही, कारण तो खरेच बोलत होता. चिखल आला म्हणून धोतर वर धरून चालणाऱ्या माणसासारखी माझी स्पोर्ट्स कार दिसत होती.

दिसण्याचे एक वेळ सोडून देऊ, पण हा बदल धोक्याचा आहे. स्पिटफायरच्या मागच्या चाकांचे अर्धे आस मधल्या डिफरन्शियलपाशी, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीपाशी, हलतात आणि चाकापाशी कडक असतात, त्यामुळे गाडीचा मागचा भाग जितका उचलाल तितकी चाके खालून आत ओढली जातात. मागून पाहिले तर ती फेंगडी उभी असल्याचे स्पष्ट दिसते. अशा अवस्थेत जोरात घेतलेल्या वळणावर अचानक ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की बाहेरच्या बाजूचे चाक गाडीखाली दुमडू पाहते आणि गाडीची शेपूट निसटते. हा या रचनेचा जुना, सर्वज्ञात दोष. स्वतः कंपनीनेही १९७० च्या मार्क फोरमध्ये पाट्याची बांधणी बदलून तो आटोक्यात आणला. जगभरचे हौशी लोक याच कारणासाठी ही गाडी मागून थोडी खाली करतात. मी ती वर केली. कशासाठी, तर सुरक्षिततेच्या नावाखाली टाकलेल्या डांबराच्या ढिगाऱ्यांवरून जाता यावे म्हणून! वरंधा घाटातल्या वळणावर माझी गाडी आज मूळ गाडीपेक्षा कमी सुरक्षित आहे, आणि तिला तशी करणारी वस्तू ‘अपघात टाळण्यासाठी’ बसवलेली आहे. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच.

यात कायद्याची गंमत पाहावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीपुस्तकातल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाने वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए प्रमाणे बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. असू द्या, कायदा म्हणून मला तो मान्य आहे आणि माझ्या पाट्या-चकत्यांनी नोंदणीपुस्तकातली एकही ओळ बदललेली नाही. पण त्याच दुरुस्तीने कलम १९८-ए आले. रस्त्याची रचना, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे करणे हे त्यात यंत्रणेवर आणि कंत्राटदारावर बंधनकारक केले आहे, आणि मानक मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कधी? त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तरच. म्हणजे मी माझ्या खासगी गाडीत चुकीचा बदल केला तर कोणाला खरचटले नसतानाही गुन्हा होतो. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय सात इंचांचा बांध घालणाऱ्याची मात्र कोणीतरी मरेपर्यंत विचारपूसही होत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही पद्धत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की त्याचे कोणाला काही वाटत नाही.

मी काही या गाडीतून काश्मीर-कन्याकुमारी करत नाही. रविवारी पहाटे निघायचे, पानशेतच्या रस्त्याने पाबे घाट चढून जायचा, किंवा मुळशीच्या कडेने ताम्हिणीपर्यंत, फार तर भोरहून मांढरदेवीच्या रस्त्याने वाईला उतरायचे, मिसळ खायची आणि ऊन चढायच्या आत घरी यायचे, एवढीच हौस. हे रस्ते या गाडीसाठीच आखलेत असे वाटावे इतके देखणे आहेत. परंतु या सहलीचा नकाशा आता माझ्या डोक्यात गावांच्या किंवा घाटांच्या नावांनी उरलेला नाही. कमानीनंतरचा, शाळेअगोदरचा, दूध डेअरीसमोरचा, वळण संपताच झाडाच्या सावलीत लपलेला, अशा नावांनी तो उरला आहे. शेजारी बसलेल्या बायकोने सह्याद्री पाहावा अशी माझी फार इच्छा असते. ती बिचारी डांबराकडे डोळे लावून “आला, आला” म्हणत असते. प्रत्येक ठिकाणी गाडी जवळजवळ थांबवायची, समोरून काही येत नाही ना ते बघायचे आणि मग ती तिरकी करून, एकेक चाक चढवत, रस्त्याची उलटी बाजू व्यापून पलीकडे न्यायची. पारावर बसलेली पोरे “काका, तिरकी घ्या, अजून तिरकी!” असे मार्गदर्शन करतात, त्यांचा काही राग नाही. मागून येणारा डंपर मात्र याच क्षणी हॉर्न वाजवतो, मला ओलांडतो आणि तोच गतिरोधक वेग कणभरही कमी न करता पार करून धुरळा उडवत निघून जातो.

आणि खरी चीड इथे आहे. ज्याच्यासाठी गतिरोधक घातला तो डंपर त्याला जुमानत नाही. उंच टायरांना आणि जाड पाट्यांना सात इंच म्हणजे काहीच नाही. थांबतो कोण? मी थांबतो, दुधाच्या किटल्या लावलेला मोटारसायकलवाला थांबतो, बाळंतपणासाठी तालुक्याला निघालेल्या बाईची रिक्षा थांबते आणि रुग्णवाहिका थांबते. शाळेसमोर वाहने हळू जावीत याबद्दल माझे दुमत असण्याचे कारण नाही. गावातून सुसाट जाणाऱ्यांना आवर घातलाच पाहिजे. पण त्यासाठी मानकात बसणारा रुंद, रंगवलेला, फलक लावलेला गतिरोधक घाला ना! त्याला डांबर थोडे जास्त लागेल, एवढाच खर्च.

अशाच एका ढिगाबद्दल मी तक्रारही करून पाहिली. एका कार्यालयाने सांगितले की रस्ता त्यांच्याकडे नाही, दुसऱ्याने सांगितले की रस्ता त्यांच्याकडे आहे पण गतिरोधक त्यांनी घातलेला नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी, चहा पाजून, सांगण्यात आले की ती लोकांची मागणी होती. फूटपट्टी घेऊन उंची मोजायला कोणी आले नाही. मग गेल्या महिन्यात त्या रस्त्याचे नूतनीकरण झाले, तेव्हा वाटले की आता तरी हा ढीग उखडतील. उखडला नाही. नव्या डांबराचा थर जुन्या ढिगावरूनच ओढून नेला, आणि वर्दळीने दोन्ही बाजूंचे डांबर आठवड्याभरात दबल्यावर तो होता त्याहून बोटभर उंच झाला. पत्र्याला आता नवी खोक पडली आहे, चपटा सायलेन्सर आणखी चपटा झाला आहे, आणि गॅरेजवाला विचारतो आहे की पाट्यात अजून एक पान घालू का.