‘पेपरवरचं नाव कोण बघतंय?’ बघतात, आणि कधी कधी गाळतातही

गेले काही आठवडे एक मजकूर फिरत फिरत पुन्हापुन्हा माझ्याकडे येतोय. तो पाठवणारे बहुतेक जण स्वतः संशोधन करणारे आहेत, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावंसं वाटलं. मजकुरात म्हटलंय ते थोडक्यात असं: विज्ञानाला स्त्री-पुरुष कळत नाही. पेपर, म्हणजे शोधनिबंध, गुणवत्तेवर छापला जातो, लेखकाचं नाव कोणी बघत नाही. बायका मुळात कमी पेपर लिहितात म्हणून मागे राहतात. ज्याने काम केलं त्याचं नाव पेपरवर येतंच. किती सायटेशन मिळाली, म्हणजे पुढच्या पेपरांत तुमच्या पेपरचा किती वेळा हवाला दिला गेला, हा आकडा तर सगळ्यांना सारखाच. आणि आता पारडं उलटं झुकलंय, नेमणुकांमध्ये बायकांनाच झुकतं माप मिळतं. शेवटचं वाक्य असं, की ज्यांच्यात दम असतो त्या मेरी क्युरीसारख्या पुढे येतातच.

यातल्या काही विधानांमागे खरी आकडेवारी आहे आणि ती मी नाकारणार नाही. अडचण अशी की खरं आणि चुकीचं एकाच दमात सांगितल्यामुळे खऱ्याच्या आधाराने बाकीचंही पटून जातं. म्हणून एकेक विधान सुटं करून बघू.

‘नाव कोणी बघत नाही’

१९९७ साली क्रिस्टीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या दोन स्वीडिश संशोधिकांनी तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोस्टडॉक फेलोशिपचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनासाठीच्या पाठ्यवृत्तीचे, अर्ज तपासले. गुणपत्रकं गोपनीय म्हणून मिळत नव्हती, ती सार्वजनिक कागदपत्रं आहेत हे न्यायालयाने ठरवल्यावर मिळाली. ११४ अर्ज होते. प्रत्येकाचे पेपर, ते कुठे छापले गेले, किती सायटेशन मिळाली, सगळं मोजून त्यांनी ते परीक्षकांनी दिलेल्या गुणांशेजारी ठेवलं. पुरुषाइतकेच गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीच पट काम दाखवावं लागत होतं.

हे जुनं झालं असं कोणी म्हणेल. मग २०१५ घ्या. फियोना इंगलबी आणि मेगन हेड यांनी ‘प्लॉस वन’ या जर्नलकडे, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकाकडे, एक पेपर पाठवला. विषय होता पीएचडीनंतर पोस्टडॉकपर्यंत जाताना दिसणारा स्त्री-पुरुष फरक. छापायचा की नाही हे ठरवण्याआधी जर्नल दुसऱ्या तज्ज्ञाकडून (रिव्ह्यूअरकडून) पेपर तपासून घेतं. त्याच्याकडून परत आलेल्या अभिप्रायात, म्हणजे रिव्ह्यूमध्ये, सल्ला होता, की एक-दोन पुरुष जीवशास्त्रज्ञांना सोबत घ्या, निदान त्यांच्याकडून पेपर वाचून घ्या, सहलेखक म्हणून घेतलंत तर उत्तमच. तो रिव्ह्यू एडिटरच्या नजरेखालून जाऊन लेखिकांच्या हातात पडला होता. बोभाटा झाल्यावर जर्नलने माफी मागितली, त्या रिव्ह्यूअरला यादीतून काढलं, एडिटरलाही बाजूला व्हायला सांगितलं. पण मला त्यातला सल्ल्याचा सूर जास्त लागला. लिहिणाऱ्याला तो मदतीचा वाटत असणार.

हबल दुर्बिणीचं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं, कारण तिथे कोणी भाषण न देता फक्त पद्धत बदलून पाहिली. हबलवर वेळ मिळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ प्रपोजल पाठवतात आणि त्यातली थोडीच मंजूर होतात. पुरुष प्रमुख असलेल्या प्रपोजलांचं मंजुरीचं प्रमाण वर्षानुवर्षं थोडंसं वर राहत होतं. फरक छोटा, पण दर वर्षी त्याच बाजूला. २०१८ मध्ये परीक्षकांपासून अर्जदारांची नावं पूर्ण झाकली. त्या फेरीत स्त्रियांच्या मंजुरीचं प्रमाण ८.७ टक्के आणि पुरुषांचं ८ टक्के आलं. एका फेरीतल्या इतक्या लहान फरकावरून स्त्रिया वरचढ आहेत असं मी म्हणणार नाही. महत्त्वाचं हे की वर्षानुवर्षं एकाच बाजूला कललेला काटा नाव झाकताच हलला. पुढच्या फेऱ्यांमध्ये पहिल्यांदाच वेळ मिळवणाऱ्यांची संख्याही वाढली. ‘हे कोण आहेत’ हा प्रश्न गेला आणि ‘हे करण्यासारखं आहे का’ एवढाच उरला.

कॅनडाच्या आरोग्य संशोधन निधीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, त्यातही तेच दिसतं. सुमारे २४ हजार अर्ज होते. जिथे परीक्षकांना प्रस्तावातलं विज्ञान तपासायला सांगितलं होतं तिथे स्त्री-पुरुषांच्या यशातला फरक एका टक्क्याच्या आत होता. जिथे संशोधकाची योग्यता तपासायला सांगितलं होतं तिथे स्त्रिया चार टक्क्यांनी मागे पडल्या.

आता या विधानातला खरा भाग. २०२१ मध्ये १४५ जर्नलांच्या रिव्ह्यूची मोठी तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात स्त्रियांचे पेपर जास्त नाकारले जातात असं आढळलं नाही, काही ठिकाणी तर त्यांना किंचित अनुकूल वागणूक मिळालेली दिसली. हे मान्य करायलाच हवं. ‘सगळे रिव्ह्यूअर बायकांच्या विरोधात असतात’ असं कोणी म्हणत असेल तर तेही चूकच. पण ती तपासणी जर्नलकडे पोचलेल्या पेपरांची आहे. पेपर लिहायला लागणारा वेळ आणि पैसा कोणाला मिळाला, लेखकांच्या यादीत कोण आलं, आणि कोण त्याआधीच बाहेर पडलं, हे त्यातून दिसत नाही. माझं म्हणणं इथेच आहे. आपण सगळे जर्नलच्या दारावर नजर लावून बसलोय, आणि गळती त्या दाराच्या बरीच अलीकडे होतेय.

‘बायका कमी पेपर लिहितात’

एकूण कारकीर्द मोजली तर हो, कमीच. २०२० मध्ये ८३ देशांतल्या १५ लाखांहून जास्त संशोधकांच्या कारकिर्दींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांचे सरासरी १३.२ पेपर आणि स्त्रियांचे ९.६. मजकूर इथेच थांबतो. त्याच अभ्यासात वर्षाला किती पेपर हेही मोजलंय: पुरुष १.३३, स्त्रिया १.३२. म्हणजे जोवर कामात आहेत तोवर वेग एकच. फरक पडतो तो कामात किती वर्षं टिकता आलं याने. पुरुषांची छापील कारकीर्द (पहिल्या पेपरपासून शेवटच्या पेपरपर्यंतची) सरासरी ११ वर्षांची, स्त्रियांची ९.३ वर्षांची.

मग प्रश्न ‘कमी का लिहितात’ असा राहत नाही, ‘लवकर का सोडून जातात’ असा होतो. त्याचं एक उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत विज्ञान-तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांच्या एका अभ्यासात पहिलं मूल झाल्यावर ४३ टक्के आयांनी त्या क्षेत्रातली पूर्णवेळ नोकरी सोडली होती. बापांचंही प्रमाण २३ टक्के होतं, म्हणजे हा फक्त बायकांचा प्रश्न आहे असंही नाही. पोस्टडॉकची वर्षं आणि मूल होण्याची वर्षं एकच असतात, आणि नेमणुकीच्या वेळी पेपर मोजताना मधला रिकामा काळ अनेकदा वजा केला जात नाही.

‘ज्याने काम केलं त्याचं नाव येतंच’

या विधानावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे. पेपर हेच संशोधनातलं चलन असेल, तर ते कोणाच्या खात्यात जमा होतं हे आधी बघायला हवं.

जे नाव यादीत नाही ते मोजायचं कसं, ही यातली मोठी अडचण. २०२२ मध्ये ‘नेचर’ या जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासाने त्यावर सुंदर उपाय काढला. त्यांनी अमेरिकी विद्यापीठांची पगारपत्रकं घेतली. संशोधनाच्या साडेनऊ हजारांहून जास्त चमूंमध्ये कोणाला कोणत्या प्रकल्पातून पगार मिळत होता, आणि त्या प्रकल्पांतून निघालेल्या पेपरांवर कोणाची नावं होती, हे ताडून पाहिलं. काम केल्याची नोंद आणि श्रेयाची नोंद समोरासमोर आली. चमूच्या तेवढ्याच कामावर स्त्रीचं नाव पेपरवर येण्याची शक्यता १३ टक्क्यांनी कमी निघाली. पेटंटवर ५८ टक्क्यांनी कमी.

हे घडताना कसं दिसतं ते एका जुन्या पेपरात जवळून पाहता येतं. १९७५ साली जी. ए. वॉटरसन यांचा लोकसंख्या-जनुकशास्त्रावरचा एक पेपर आला. त्यातली जनुकीय वैविध्य मोजायची पद्धत आजही रोज वापरली जाते, पेपरला हजारो सायटेशन आहेत. आभारांच्या परिच्छेदात एक ओळ आहे: आकडेमोडीला मदत केल्याबद्दल आणि खास करून पहिला तक्ता काढून दिल्याबद्दल मिसेस एम. वू यांचे आभार. त्या मार्गारेट वू. त्यांचं नाव तिथेच संपतं. पुढे त्यांनी पीएचडी केली. २०१९ मध्ये काही संशोधकांनी याच विषयाच्या एका जर्नलचे जुने अंक काढून प्रत्येक पेपरचे आभार वाचले. १९७० च्या दशकात लेखकांमध्ये स्त्रिया सुमारे ७ टक्के होत्या, आणि वू यांच्यासारख्या, संगणकावर आकडेमोड करून देणाऱ्या ज्या प्रोग्रामरांचे फक्त आभार मानले त्यांच्यात सुमारे ५९ टक्के. तेव्हा प्रोग्राम लिहिणं हे कारकुनी काम समजलं जाई. पुढे त्याला प्रतिष्ठा आली तसा त्या कामातला बायकांचा वाटा घटत गेला.

माझ्या पीएचडीच्या दिवसांत शेजारच्या टेबलावर एक सीनियर मैत्रीण काम करायची. एक प्रयोग काही केल्या बसत नव्हता. दर वेळी निकालाची पट्टी पुसट यायची, आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तापमान, वेळ, द्रावणाची तीव्रता, एकेक गोष्ट बदलत सव्वा वर्षाने तिने तो बसवला. तिच्या वहीत प्रत्येक फसलेल्या दिवसाची तारीख होती. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली. तीच पद्धत वापरून पुढच्यांनी तीन महिन्यांत आकृत्या काढल्या, पेपर गेला, छापूनही आला. तिचं नाव आभारांत, ‘तांत्रिक साहाय्य’ या शब्दांपुढे. कोणी दुष्टपणा केला नव्हता. यादी ठरली त्या मीटिंगला ती नव्हती, इतकंच. पुढच्या अर्जात तिच्या त्या दोन वर्षांपुढे एकही पेपर नव्हता. आज ती संशोधनात नाही. ती मीटिंग झाली तेव्हा मी खोलीत होते आणि बोलले नाही.

चांगल्या माणसांच्या हातूनही हे होतं, याचा पुरावा खुद्द या विषयाच्या अभ्यासात आहे. ज्यांचं नाव आधीच मोठं त्यांच्याकडे श्रेय वाहत जातं, हा ‘मॅथ्यू परिणाम’ समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये मांडला. तो पेपर मोठ्या प्रमाणात हॅरिएट झुकरमन यांनी नोबेलविजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता. पेपर मात्र एकट्या मर्टन यांच्या नावावर आला. तो दोघांच्या नावावर यायला हवा होता, हे पुढे त्यांनी स्वतःच छापील मान्य केलं. श्रेय कसं सरकतं हे जगाला समजावून सांगणाऱ्या पेपरमध्येच ते सरकलं होतं. १९९३ मध्ये इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी स्त्रियांचं श्रेय पुरुषांकडे जाण्याला ‘मटिल्डा परिणाम’ हे नाव दिलं.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणी लवकरच पेपरची लेखक-यादी ठरवणार असेल, तर माझी एक विनंती आहे. आभारांतलं एकेक नाव घ्या आणि त्या व्यक्तीने काय केलं ते समोर लिहून काढा. त्यावेळी रजेवर असलेल्यांना फोन करा.

‘सायटेशनचा आकडा सगळ्यांना सारखाच’

यावर फार लिहायला नको. जेस्टोर या पेपरांच्या डिजिटल संग्रहातल्या सुमारे १५ लाख पेपरांच्या तपासणीत पुरुषांनी स्वतःच्याच जुन्या पेपरांचा हवाला स्त्रियांपेक्षा ५६ टक्के जास्त वेळा दिलेला आढळला. आधीचे पेपर जास्त असतील तर हवाला द्यायला साठाही जास्त, म्हणजे वरचीच गळती इथे पुन्हा मोजली जाते.

‘आता पारडं उलटं झुकलंय’

ज्या अभ्यासाच्या जिवावर हे सांगितलं जातं तो खरा आहे. २०१५ मध्ये विल्यम्स आणि सेसी यांनी अमेरिकेतल्या ८७३ प्राध्यापकांपुढे काल्पनिक उमेदवार ठेवले. सारख्याच उत्कृष्ट उमेदवारांत स्त्रीला दोनास एक पसंती मिळाली.

त्याआधी, २०१२ मध्ये, १२७ विज्ञान प्राध्यापकांना लॅब मॅनेजरच्या जागेसाठी एकच अर्ज दिला होता. काहींच्या अर्जावर नाव जॉन, काहींच्या अर्जावर जेनिफर. जॉन जास्त सक्षम ठरला आणि त्याला वर्षाला सुमारे ३०,२०० डॉलर देऊ केले, जेनिफरला सुमारे २६,५००. परीक्षक स्त्री असो वा पुरुष, निकाल तोच.

दोन्ही अभ्यास एकाच वेळी खरे असू शकतात. जेनिफर पहिल्या पायरीवर आहे, तिचा अर्ज चांगला पण डोळे दिपवणारा नाही. २०१५ च्या उमेदवार शेवटच्या पायरीवर, शॉर्टलिस्टमध्ये, निर्विवाद उत्तम म्हणून रंगवलेल्या. निर्विवाद उत्तम ठरण्यासाठी मधली दहा-बारा वर्षं टिकावं लागतं. समितीसमोर पोचलेल्या मोजक्या जणींना आज चांगली वागणूक मिळते याचा मला आनंद आहे. जेनिफर तिथवर पोचते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

‘दम असेल तर मेरी क्युरीसारख्या पुढे येतातच’

१९०३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या सदस्यांनी पाठवलेल्या शिफारशीत मेरीचं नावच नव्हतं. होती ती भौतिकशास्त्रज्ञ आंरी बेकेरेल आणि तिचा नवरा पियर क्युरी यांची. स्वीडिश गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी पियरना हे कळवलं, आणि मेरीचा विचार व्हावा असं पियरनी लिहिलं, तेव्हा ती विजेत्यांत आली. १९११ च्या जानेवारीत ती फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत उभी राहिली आणि अगदी थोड्या मतांनी हरली. त्याच वर्षी तिला दुसरं नोबेल मिळालं. तिची मुलगी इरेन हिला १९३५ मध्ये नवऱ्यासोबत, फ्रेडरिक जोलिओसोबत, एकाच कामासाठी नोबेल मिळालं. १९४३ मध्ये फ्रेडरिक अकादमीचे सदस्य झाले. इरेनने पुन्हापुन्हा अर्ज केला आणि दर वेळी नकार आला. त्या अकादमीची पूर्ण सदस्य म्हणून पहिली स्त्री, इव्हॉन शोके-ब्रुहा, १९७९ मध्ये निवडली गेली. तेव्हा इरेनला जाऊन तेवीस वर्षं झाली होती.