व्हीनस फ्लायट्रॅप माश्यांवर जगत नाही

'व्हीनस फ्लायट्रॅप ही वर्षावनाच्या गर्द सावलीत वाढते, उन्हाऐवजी माश्यांवर जगते, पानाला काहीही लागले की ते पचवते आणि रोपवाटिकांत भरपूर मिळत असल्याने तिला कसलाही धोका नाही', असा मजकूर गेले काही दिवस सर्वत्र फिरत आहे. यातले एकही विधान खरे नाही.

पानांच्या सापळ्यात कीटक पकडणारी ही वनस्पती निसर्गतः जगात एकाच प्रदेशात उगवते, तो म्हणजे अमेरिकेतील नॉर्थ आणि साउथ कॅरोलायना या राज्यांचा सखल किनारी भाग, मुख्यतः विल्मिंग्टन शहराभोवतीचा सुमारे 100 किलोमीटरचा परिसर. तेथे वर्षावन नाही; विरळ पाइन वृक्षांखाली गवत, ओलसर, वाळूमिश्रित, आम्लधर्मी जमीन आणि भरपूर ऊन आहे. हे ऊन टिकते ते अधूनमधून लागणाऱ्या वणव्यांमुळे. आगीत झुडपे जळतात, फ्लायट्रॅपची पानेही जळतात, पण जमिनीतला तिचा कंद शाबूत राहतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा फुटतो. म्हणूनच माणसाने वणवे रोखले, की वाढलेल्या झुडपांच्या सावलीत ती हळूहळू नाहीशी होते. सावली तिचे घर असल्याचा दावा मला सर्वांत घातक वाटतो तो यासाठीच.

अन्न ती इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे प्रकाशसंश्लेषणाने स्वतःच तयार करते. कीटकांपासून तिला मिळतात ती नत्र आणि स्फुरद यांसारखी पोषकद्रव्ये, कारण तिथल्या मातीत ती फारच कमी असतात. शिवाय 'फ्लायट्रॅप' हे नाव दिशाभूल करणारे आहे: सापळ्यात प्रामुख्याने मुंग्या, कोळी आणि भुंगेरे सापडतात, उडणाऱ्या कीटकांचे प्रमाण अल्प असते.

काहीही पचवण्याचे म्हणाल, तर पानाच्या प्रत्येक पाळीवर साधारणपणे तीन संवेदनशील केस असतात आणि सुमारे 20 सेकंदांत त्यांना दोनदा स्पर्श झाला तरच सापळा मिटतो. आतल्या भक्ष्याची धडपड चालू राहून आणखी स्पर्श झाले, तेव्हाच पाचक रस स्रवू लागतात. पावसाचा थेंब किंवा काडी असेल, तर सापळा काहीही न पचवताच पुन्हा उघडतो.

राहिला धोक्याचा प्रश्न. रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांनी पाणथळ माळरानातील घटती संख्या भरून निघत नाही. रानातून ही रोपे उपटून नेण्याचे प्रकार इतके वाढले, की नॉर्थ कॅरोलायनाने 2014 मध्ये तो गंभीर फौजदारी गुन्हा ठरवला.