कोणाचा रे तू?

मेव्हण्याला बँकेनं गाडीचं कर्ज नाकारलं. सिबिल, म्हणजे कर्ज कसं फेडलं त्यावरून मिळणारे गुण, फक्त ६१२. गड्यानं आयुष्यात स्वतःचा एक हप्ता चुकवलेला नाही. पण पाच वर्षांपूर्वी मित्राच्या ट्रॅक्टरला जामीन राहिला होता. मित्र थकला आणि ते थकलेलं कर्ज याच्याही सिबिल रिपोर्टात येऊन बसलं. "नुसती सही तर केली होती," म्हणतो. अरे बाबा, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, हे करार कायद्यात १८७२ पासून लिहिलंय. कलम १२८.

त्यावर सासरे म्हणाले, "आमच्या वेळी माणूस बघून कर्ज द्यायचे."

इथं माझं डोकं फिरलं. माझे वडील विहिरीवरच्या मोटारीसाठी गावच्या सोसायटीत गेले होते. सातबारा होता, मागची बाकी शून्य. सेक्रेटरीचा पहिला प्रश्न, "कोणाचा रे तू?" मग भावकी निघाली, मग मागच्या निवडणुकीत कुठल्या पॅनेलला मत दिलं ते निघालं. कर्ज मिळालं नाही ते नाहीच. माणूस बघणं म्हणजे बहुतेक वेळा कोणाचा माणूस ते बघणं.

आकडा निदान आडनाव विचारत नाही. आणि चुकला तर त्याच्याशी भांडता येतं. माझं दुचाकीचं कर्ज फिटून एनओसी हातात आली, तरी वर्षभर रिपोर्टात चालूच दिसत होतं. तक्रार केली, तीन आठवड्यांत दुरुस्त झालं. तीस दिवसांत झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पूर्ण रिपोर्टही वर्षातून एकदा फुकट मिळतो. किती जणांनी बघितलाय? सोसायटीच्या सेक्रेटरीविरुद्ध वडील कुठं तक्रार करणार होते?

नोकरीला सिबिल लावतात ते मात्र मला अजून पटलेलं नाही. स्टेट बँकेनं खराब सिबिलमुळे एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं बँकेचं बरोबर ठरवलं. लोकांचा पैसा हाताळणाऱ्याची तपासणी हवी, मान्य. पण नोकरीच नसेल तर तो थकलेलं फेडणार कशातून?

असो. मेव्हणा आता दुसऱ्या बँकेत जाणार आहे. मघाशी हळूच म्हणाला, "दाजी, तुम्ही राहाल का जामीन?"

बायको समोर बसून भाजी निवडतेय. हात थांबलेत तिचे.