बुबुळाच्या बाटलीतले जंतू आणि एक फॉरवर्ड

नेत्रदान पंधरवडा आला की हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: "नेत्रपेढीत साठवलेल्या बुबुळांत जंतू असतात. साठवणीत ते वाढतात. रोपण केलं की आहे तो डोळाही जातो. नेत्रदानाचा फॉर्म भरू नका." परवा माझ्या सख्ख्या मावशीनेच पाठवला. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

बुबुळ म्हणजे इथे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. "जंतू असतात." असतात की. आपल्या पापण्यांवर आत्ताही आहेत. नेत्रपेढी ते गृहीत धरूनच चालते. डोळा काढण्याआधी त्यात पोविडोन आयोडीन घालून थांबतात, मग सलाइनने धुतात. रक्त एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिससाठी तपासतात. रेबीजने किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरून गेलेल्यांची बुबुळं रोपणाला घेतच नाहीत.

"साठवणीत वाढतात." बुबुळ नुसतं फ्रीजमध्ये ठेवलेलं नसतं. ते प्रतिजैविक मिसळलेल्या गुलाबी द्रावणात, २ ते ८ अंशांत असतं. एमके मीडियम या द्रावणात ४ दिवस, मदुराईच्या ऑरोलॅबच्या कॉर्निसोल या द्रावणात १४ दिवसांपर्यंत. तो गुलाबी रंग शोभेचा नाही. जंतू वाढून द्रावण आंबलं की ते पिवळट पडतं, गढुळतं, आणि ती बाटली बाद होते. थंडीत बहुतेक जंतूंची वाढ मंदावते, पण औषधही सुस्तावतं. म्हणून शस्त्रक्रियेआधी बाटली थोडा वेळ बाहेर काढून ठेवतात, औषधाला जोर यावा म्हणून.

"डोळा जातो." इथे मेसेज दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. सर्जन बुबुळाचा मधला भाग बसवतात आणि उरलेली कड अनेकदा कल्चरला, म्हणजे तिच्यात जंतू वाढतात का ते बघायला, पाठवतात. त्या कडेत जंतू सापडणं विरळा नाही. पण ज्यांच्या बाबतीत ते सापडतात, त्यांच्यातल्याही बहुतेकांना काही होत नाही. एकूण रोपणांत डोळ्याच्या आत संसर्ग होण्याचं प्रमाण शेकड्याला एकाहूनही कमी आहे. खरी काळजी बुरशीची. या थंड द्रावणांत सहसा बुरशीवरचं औषध नसतं, आणि कडेत बुरशी निघाली तर डॉक्टर त्या रुग्णावर जास्त बारकाईने लक्ष ठेवतात. मेसेजवाल्याने बुरशीचं नाव घेतलं असतं, तर मी निदान त्याचं ऐकून तरी घेतलं असतं.

आणि फॉर्म? तो भरलेला नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने नेत्रदान होतं. मावशीला एवढंच सांगितलं: माणूस गेल्यावर पंखा बंद कर, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेव, उशीने डोकं थोडं उंच कर, आणि नेत्रपेढीला लगेच फोन कर. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात.