नोटा छापून भरपाई फिटत नसते, काका!

आज सकाळी रविवार पेठेत चहाच्या गाड्यावर एक काका बोलून गेले, "जर्मनीनं काय केलं, नोटा छापल्या अन् सगळी भरपाई भागवली की!" चौघांनी माना डोलावल्या. डोकंच फिरलं.

अहो काका, पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीनं जिंकलेल्या देशांना द्यायची ही भरपाई कागदी मार्कात, म्हणजे जर्मनीच्या छापील चलनात, नव्हतीच. मे १९२१ मध्ये लंडनला आकडा ठरला १३२ अब्ज सुवर्ण मार्क, म्हणजे सोन्याच्या मोलात मोजलेले मार्क. त्यातले ८२ अब्जांचे रोखे दाखवायचे दात, खरं ओझं ५० अब्जांचं. वर्षाला २ अब्ज, वर निर्यातीच्या किमतीचे २६ टक्के. द्यायचं ते सोन्यात, परकी चलनात, नाहीतर कोळसा-लाकडात. नोटा छापून मार्क मिळतात, डॉलर नाही. ते मार्क विकून डॉलर घ्यायला गेलं की मार्क आणखी पडणार. ऑगस्ट १९२१ अखेर पहिला अब्ज भागवला आणि मार्क घसरतच गेला.

डॉलर कमवायचे तर आयातीपेक्षा निर्यात जास्त हवी, म्हणजे घेणेकऱ्यांनी माल घ्यायला हवा. गोम तिथंच. अमेरिकेला मित्रराष्ट्रांकडून युद्धकर्ज वसूल हवं, आणि १९२२ ला आयातकर तिनंच वाढवला! सावकारानं निपाणीच्या शेतकऱ्याला म्हणावं, पैसे टाक, पण तुझी तंबाखू माझ्या पेठेत नको. बरं, माल फुकट आला तरी कुणाला तरी झोंबतोच. फ्रान्स-इटलीला भरपाईचा कोळसा जाऊ लागला, तशी ब्रिटनच्या खाणींची गिऱ्हाईकं तुटली.

काकांचं अगदीच चूक नाही म्हणा. युद्धाचा खर्चच जर्मनीनं कर सोडून कर्जावर आणि छपाईवर ढकलला होता. उत्तर फ्रान्सच्या कोळसा खाणीही जर्मन फौजेनंच पाण्यात बुडवल्या होत्या, म्हणून तर फ्रान्सला कोळसा हवा होता.

पण छपाई बेफाम झाली ती रुहरनंतर, म्हणजे जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात परकी फौजा शिरल्यावर. लाकूड-कोळसा कमी भरला म्हणून जानेवारी १९२३ मध्ये फ्रेंच-बेल्जियन फौजा घुसल्या. कामगार काम सोडून बसले, त्यांना पैसे सरकारनं छापून दिले. कर बुडाला, कोळसा बाहेरून विकत. १९१४ ला ४.२ मार्कांना मिळणारा डॉलर नोव्हेंबर १९२३ ला ४.२ लाख कोटींना. त्या कागदावर पॅरिस छदाम सोडणार नव्हतं. बुडाले ते बचतवाले, पेन्शनवाले. काकाही पेन्शनरच दिसत होते, तिथं असते तर आधी तेच बुडाले असते. इथं माझा राग जरा उतरला.

१९२४ च्या डॉव्स योजनेनं मार्कांचे डॉलर करण्याचा नेमका हा सांधा धरला. जर्मनीनं मार्क बर्लिनमध्ये जमा करायचे. ते परकी चलनात बदलणं घेणेकऱ्यांच्या समितीकडे, आणि दर ढासळणार असेल तर तिनं हात आखडायचा. चार-पाच वर्षं चाललं, तेही अमेरिकन कर्जाच्या जिवावर.

"मग फिटलं कधी ते?" काकांनी उठता उठता विचारलं. भरपाई १९३२ ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या परिषदेत गुंडाळली, काका. डॉव्स आणि तिच्या नंतरच्या यंग योजनेसाठी जर्मनीनं काढलेल्या कर्जरोख्यांचा शेवटचा हप्ता मात्र ३ ऑक्टोबर २०१० ला गेला.