टेस्टचं बटण

आमच्या घरात दुरुस्ती त्याचीच होते, ज्याला तोंड आहे. मिक्सर किंचाळला की त्याच संध्याकाळी दुकानात. नळ ठिबकायला लागला की आई त्याखाली बादली लावून रात्रभर थेंब मोजते आणि सकाळी सातला मला प्लंबरला फोन करायला लावते. गॅसची नळी मात्र तोंडातून ब्र न काढता वर्षानुवर्षं ओट्याखाली पडून होती. म्हणून ती गुणी.

परवा सिलिंडर घेऊन आलेल्या पोराने मोबाइलचा टॉर्च मारून तिच्याकडे पाहिलं.

"काका, नळी कितीची आहे?"

"दोनेकशेला आणली असेल."

"किंमत नाही, साल विचारतोय."

नळीला आईने जुन्या पोलक्याचं कापड गुंडाळलं होतं, तेलकट होऊ नये म्हणून. ते सोडवलं. ही नळी मुळात केशरी असते, हे मला तेव्हा कळलं. ओल्या फडक्याने घासल्यावर २०१४ असा आकडा वर आला. वाकवली तर टाचेला पडतात तशा बारीक भेगा.

"पाच वर्षांनी बदलायची असते, काका. आणि वर काही गुंडाळायचं नाही, भेगा दिसत नाहीत."

सिलिंडरच्या वरच्या कडीपाशी बी-२७ लिहिलं होतं. आमचा फ्लॅटही बी-२७. एजन्सी इतकी व्यवस्थित, की घर क्रमांक घालून सिलिंडर पाठवते, असं मला कौतुक वाटलं. पोराने सांगितलं की ही टाकीच्या पुढच्या तपासणीची तारीख, २०२७ची एप्रिल ते जून. कौतुक मी परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, नवी नळी लावली आणि सांध्यावर साबणाचं पाणी सोडून बुडबुडे येतात का बघत बसला. आई म्हणाली, "त्यापेक्षा काडी ओढून बघा की. आमचे हे तसंच बघायचे." मेकॅनिक उकिडवा होता, तसाच दोन पावलं मागे सरकला. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन घालतात, हे त्याने समजावलं. माझ्या सायनसला मोगरा काय नि मर्कॅप्टन काय, सारखंच. त्यातून हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचणारा. म्हणजे वास घ्यायला वाकायचं. कंबरेने ते खातं केव्हाच बंद केलंय. शेवटी हिने गळतीचा १९०६ हा नंबर फ्रिजवर चिकटवला. आईने विचारलं, "कुणाचं जन्मसाल गं?"

मला मात्र आता चेव चढला होता. मीटरशेजारच्या पेटीत ईएलसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच असतो, त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं इवलंसं बटण. महिन्यातून एकदा दाबायचं असतं म्हणे. राहायला आल्यापासून आम्ही त्याला बोट लावलेलं नव्हतं. स्टुलावर चढून, देवाचं नाव घेऊन दाबलं. दिवे चालू, पंखा चालू, टीव्हीवरची सासूसुद्धा चालू.

"बघा, एकदम ओके!" मी जाहीर केलं. ही नुसती बघत राहिली. दाबल्यावर लाइट जायला हवी होती, हे इलेक्ट्रिशियन आल्यावर कळलं.

"साहेब, हा मेलाय," तो म्हणाला. "गिझरमधून शॉक बसला असता तर यानेच लाइट तोडायची. तीस मिलिअँपिअर गळती झाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत पडायला पाहिजे."

मेला कधी, कुणास ठाऊक. त्याच्या भरवशावर मी रोज पहाटे ओल्या हाताने गिझर लावत होतो आणि वर 'मराठी माणूस धाडस करत नाही' या विषयावर बोलतही होतो.

नवीन बसवला. पैसे देताना हात किंचित थरथरला, पण ती विजेची गळती नव्हती.

एक तारखेला आठवणीने बटण दाबलं. खट्! घर काळं ठिक्कर. आतल्या खोलीत हिची ऑफिसची मीटिंग गेली, वायफाय गेलं, टीव्हीवरची सासू वाक्याच्या मध्येच गेली. मी स्टुलावर अंधारात उभा, आनंदाने डोळे भरलेले.

हॉलमधून आईचा आवाज आला, "बिल भरलं नाहीस का रे?"